वाईकरांची गाय आणि तांड्याची डॉक्टरीण

"अहो... अहो बाई, सांभाळा! पिशवी!"

मुकुल दुकानाच्या फळीवरून वाकून ओरडला, पण तोवर पिशवी गेली होती. नारळ, बेलाची पानं, पावशेर पेढे, सगळ्यासकट. औंढ्याच्या नागनाथाच्या गल्लीत श्रावणातला पहिला सोमवार म्हणजे माणसाला माणूस घासत चाललेलं. त्या गर्दीतून एका तांबड्या गाईनं मान पुढं काढली आणि नुकतीच खरेदी करून वळलेल्या मुलीच्या हातातली पिशवी अलगद ओढून घेतली. नारळ घरंगळत गटाराकडं गेला, पेढे चिखलात पडले. पातळ पांढरी पिशवी मात्र बेलाच्या पानांसकट गाईच्या तोंडात शिरू लागली.

गल्लीला यात नवीन काही नव्हतं. असं झालं की लोक गाईला नमस्कार करायचे आणि दुकानात परत येऊन नवीन सामान घ्यायचे.

या मुलीनं नमस्कार केला नाही. तिनं खांद्यावरची पर्स पाठीमागं सारली, डाव्या हाताच्या दोन बोटांनी गाईचं नाक आतून चिमटीत धरलं, मान वर उचलली आणि उजवा हात सरळ गाईच्या तोंडात घातला.

"अहो, चावेल ती!"

"कशानं?" तिनं मान न वळवताच विचारलं. "गाईला पुढं वरचे दातच नसतात."

 जन्मापासून घरात गाय होती, आणि ही गोष्ट मुकुलला आज कळत होती.

लाळेनं माखलेली, लांबच लांब झालेली पिशवी बाहेर आली. मुलीनं दुकानाच्या पन्हळीखाली हात धुतला. बारीक सरी चालूच होत्या. तिच्या कपाळावरच्या बटेला पावसाचा एक थेंब लोंबकळत होता... पडत नव्हता... आणि मुकुल तो पडायची वाट बघत उभा होता.

"कुणाची गाय ही?"

खोटं बोलायची पूर्ण सोय होती. पण ती अशी सरळ बघत होती की —

"आमचीच," तो म्हणाला.

"आणि पिशवी?"

"ती पण... आमचीच."

ती हसली नाही. पण हसू आलं होतं, आणि ते तिनं गालात दाबून धरलं होतं, एवढं त्याला नक्की दिसलं. मग तिनं गाईच्या डाव्या कुशीवर मूठ दाबली. मूठ काढली तरी खळगा तसाच राहिला, भिजवलेल्या कणकेत बोट रुतावं तसा.

"घरी काय म्हणतात? गाभण आहे?"

"आत्या म्हणते, दिवाळीनंतर विणार."

"ही विणार नाही. पोट वासराचं नाही हे." तिचा आवाज एकदम वेगळा झाला. "रवंथ करते का नीट?"

"करत असेल..."

"असेल नको. बसून बघा. आणि बघून झालं की या."

"कुठं?"

"जनावरांच्या दवाखान्यात. मी डॉक्टर शिला राठोड. परवाच रुजू झाले."

मुकुलनं घाईघाईनं दुसरा नारळ काढला, पेढे बांधले आणि सवयीनं पिशवीकडं हात नेला. तिनं नुसतं पाहिलं. हात जागच्या जागी थांबला. शेवटी तिनं ओढणी पुढं पसरली, त्यानं त्यात एकेक वस्तू ठेवली, आणि ती गर्दीत मिसळून गेली. समोरच्या गिऱ्हाइकानं "ओ दुकानदार, आमचं बी बघा की" असं म्हटल्यावर कुठं मुकुल भानावर आला.

वाईकरांचं घर दुकानाच्या मागंच होतं. मुकुलचे वडील विश्वंभरराव मंदिरात अभिषेक सांगायचे, दुकान मुकुल पाहायचा. आई तो लहान असतानाच गेली होती. त्याला वाढवलं ते गंगूताईंनी, म्हणजे त्याच्या आत्यानं. आणि गंगूताईंचं दुसरं लेकरू म्हणजे ती तांबडी गाय, चंद्री. सकाळी दूध काढलं की चंद्रीला गल्लीत सोडायची ही जुनी रीत. येणारा भाविक तिला घास देतो, पुण्य दोघांनाही लागतं, असं आत्या म्हणायच्या.

पिशव्या मात्र मुकुलची हौस होती. नांदेडला कॉलेज करून आल्यावर त्यानंच त्या छापून घेतल्या होत्या — पांढऱ्यावर लाल अक्षरांत 'वाईकर प्रसाद भांडार, औंढा नागनाथ'. लांब लांबचे भाविक त्या गावोगाव घेऊन जात, आणि मुकुलला वाटायचं, आपलं नाव चाललंय.

त्या दुपारी तो गोठ्यात जाऊन बसला. चंद्री उभी होती. पुढं हिरवा चारा होता. तिनं हुंगला आणि तोंड फिरवलं. तास गेला, दुसरा गेला... जबडा काही हलला नाही. डोळे खोल गेलेले. हे आपल्याला आजवर दिसलं कसं नाही?

दुसऱ्या दिवशी सकाळी तो दवाखान्याच्या दारात होता.

"बघितलं?" शिलानं विचारलं.

"रवंथ नाही करत."

"बसली असेल कधीतरी करत, तुमचं लक्ष नसेल?"

"लक्ष होतं," मुकुल म्हणाला. "कुणीतरी जरा रागावून सांगितलं होतं ना."

आता मात्र तिला हसू दाबता आलं नाही.

पण वाईकरांच्या अंगणात आल्यावर हसण्यासारखं काही उरलं नाही. शिलानं चंद्रीला नीट तपासलं आणि सांगितलं की पोटात प्लास्टिकचा गोळा आहे, औषधानं विरघळणार नाही, कूस उघडून काढावा लागेल. हे ऐकताच गंगूताईंनी हातातली कळशी खाली ठेवली.

"गाईचं पोट फाडणार? श्रावणात? देवाच्या दारात?"

"आत्याबाई, नाही काढलं तर ती श्रावण पुरा बघणार नाही."

"तू केवढी गं पोरी? कुणाची तू?"

"पळसदऱ्याच्या तांड्याची. रतनसिंग राठोडांची मुलगी." शिला शांतपणे म्हणाली. "आमचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून मुलूखभर फिरायचे. बैल बसला की सगळा तांडा बसायचा. जनावर मरू द्यायची आमच्याकडं रीत नाही."

 विश्वंभरराव ओसरीवर उभे होते. त्यांनी नुसता उपरण्यानं चेहरा पुसला. मुकुल पुढं झाला. "आत्या, होऊ दे. माझ्या भरवशावर."

"तुझ्या नाही," गंगूताई म्हणाल्या. "करायचंच तर हिच्या भरवशावर. पण मी डोळ्यांनी बघणार नाही."

"बघू नका. फक्त तिचं डोकं धरून उभ्या राहा," शिला म्हणाली. "तुमचा हात तिच्या ओळखीचा आहे. माझा नाही."

त्याच दिवशी गोठ्यातच ऑपरेशन झालं. दवाखान्यातले ड्रेसर सोनाजीमामा सामान घेऊन आले. चंद्रीला दोन खांबांच्या मध्ये उभं केलं. भूल अख्ख्या जनावराला नव्हती, नुसती डावी कूस बधिर केलेली. गाय उभ्याउभ्याच कान हलवत होती आणि गंगूताई तिच्या कपाळाला कपाळ लावून काहीतरी पुटपुटत होत्या. पत्र्यावर पाऊस वाजत होता. शिलानं केस घट्ट बांधले, लांब हातमोजे चढवले आणि मुकुलकडं पाहिलं.

"चक्कर येणार असेल तर आत्ताच सांगा."

"मला? छे..."

"रंग उडालाय तुमचा."

"तो... मुळातच असा आहे."

मग तिनं डाव्या कुशीवर चीर दिली. तिचा हात खांद्यापर्यंत आत गेला आणि बाहेर आला तेव्हा तिच्या मुठीत काळपट, पिळलेला, दोरखंडासारखा लगदा होता. मुकुलनं घमेलं पुढं धरलं. पुन्हा हात आत. पुन्हा लगदा. पिशवीत पिशवी, पिशवीला दोरी, दोरीला चिंधी. एक घमेलं भरलं, दुसरं घेतलं. सोनाजीमामांनी त्यावर पाणी ओतलं तशी वरची पिशवी उलगडली आणि पांढऱ्यावर लाल अक्षरं दिसली. 'वाईकर प्रसाद...' तिच्याखाली अजून एक. तिच्याखाली अजून.

मुकुलच्या हातातलं घमेलं कलंडलं. शिलानं ते पाहिलं. तिला एखादा टोमणा सहज मारता आला असता. ती एवढंच म्हणाली, "घमेलं नीट धरा. अजून बरंच आहे."

टाके पडले तेव्हा दुपार कलली होती. चंद्री उभीच होती, थकलेली, पण उभी. गंगूताईंनी डोळे उघडले, घमेल्यांकडं पाहिलं, लाल अक्षरांकडं पाहिलं, आणि आत निघून गेल्या.

तिसऱ्या दिवशी चंद्रीनं मूठभर कडबा खाल्ला आणि खाली बसून जबडा हलवायला लागली, तेव्हा मुकुल दुकान उघडं टाकून दवाखान्यात धावत गेला.

"करतेय! रवंथ करतेय!"

"हळू सांगा," शिला म्हणाली. "बाहेर तीन म्हशी आहेत. त्यांना हेवा वाटेल."

ड्रेसिंगला ती रोज यायची. मुकुल रोज त्याच वेळी गोठ्यात काहीतरी काम काढायचा.

"टाके बघायला आले," ती म्हणायची.

"चांगले आहेत टाके. म्हणजे... तरी बघा. नीट बघा. वेळ लागला तरी चालेल."

"तुमचं दुकान कोण बघतंय?"

"नागनाथ."

"त्याला पेढ्याचा भाव माहीत आहे का?"

असं काहीबाही. पण तिच्या पाठमोऱ्या वेणीकडं बघत तो दारात उभा राहायचा, आणि कोपऱ्यावर वळताना ती एकदा मागं बघायची... हळूहळू सगळ्या गल्लीला माहीत झालं होतं. फक्त त्या दोघांनी अजून ते एकमेकांना सांगितलं नव्हतं.

मुकुलनं दुकानातल्या पिशव्या बंद केल्या, त्याच आठवड्यात. विश्वंभरराव म्हणाले, "तू एकट्यानं बंद करून काय होणार? समोरच्या दुकानात देतातच. गिऱ्हाईक तिकडं जाईल." आणि गेलंच. कागदी पिशव्या आणल्या, तर भर पावसात एका आजोबांच्या पिशवीचा तळ निघाला, नारळ बरोबर त्यांच्या अंगठ्यावर पडला आणि देवाच्या दारात त्यांनी मुकुलला जे ऐकवलं ते अभिषेकाला उभ्या विश्वंभररावांनाही ऐकू गेलं. कापडी पिशवी पावशेर पेढ्यासाठी कोण घेणार?

त्याच सुमारास पेपरात रोज येत होतं. जुलैत मुंबई पाण्याखाली गेली, गटारं पिशव्यांनी तुंबली होती, आता राज्यात प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी येणार. गल्लीत चहाच्या टपरीवर चर्चा झडायची. "गटारं मुंबईची तुंबली, आमी काहून भोगायचं?" "दिल्लीचा पातळ पिशव्यांचा नियम तर कधीचा हाय. कुणी पाळला?" "कागद येऊ द्या, मग बघू."

"कागद येईपर्यंत चंद्रीसारख्या किती जातील," शिला एकदा गोठ्यात हात धुताना म्हणाली. मग जरा थांबून, "रविवारी मोकळे आहात?"

मुकुल तांब्यातून पाणी ओतायचा थांबला. "आहे. म्हणजे... का?"

"आमच्या तांड्यावर चला. प्रसाद कशात द्यायचा ते दाखवते."

"बस, तेवढंच?"

"अजून काय बघायचंय तुम्हाला?" तिनं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता निघाली.

रविवारी तिच्या एम-एटीवर ती पुढं, तो मागं. गाडी त्याला चालवू द्यावी असं त्यानं सुचवून पाहिलं होतं. "रस्ता माझा आहे," ती म्हणाली. टेकड्या हिरव्यागार झाल्या होत्या. पळसाची रुंद पानं पावसानं चकचकत होती, आणि वाऱ्यानं तिची ओढणी सारखी त्याच्या तोंडावर येत होती. त्यानं ती एकदाही बाजूला केली नाही.

तांड्यात शिलाच्या घरापुढं पाच-सहा बाया पानं लावत बसल्या होत्या. शिलाची याडी, म्हणजे आई, अनुसयाबाई, मधोमध. पळसाची तीन पानं एकावर एक, बारीक काडीचा टाका, एक दुमड, आणि द्रोण तयार. त्यावर दुसरं पान झाकण म्हणून, वरून सुती दोऱ्याची गाठ.

"ह्यात तुमचे पेढे राहतेत. भिजले तरी पान फुटत न्हाई," अनुसयाबाई म्हणाल्या.

"आणि नारळ?" मुकुलनं विचारलं.

बाया एकमेकींकडं बघायला लागल्या. "नारळाला काहून पिशवी लागते?" अनुसयाबाईंनी खरंच न कळून विचारलं. "त्याला शेंडी हाय की धरायला!"

सगळ्या अंगणात हसू पसरलं, आणि सगळ्यांत मोठ्यानं हसला तो मुकुल. शिला दाराला टेकून बघत होती. त्याचं ते हसणं तिला फार आवडलं. आपल्याला ते आवडलं हे कळल्यावर तिनं उगीचच पाण्याचा तांब्या उचलून आत नेला.

रतनसिंग बाजेवर बसून हे सगळं पाहत होते. पांढरा फेटा, पांढऱ्या मिशा, नजर धारदार. मुकुल द्रोणांचं ठरवून निघाला तेव्हा त्यांनी त्याला जवळ बसवलं.

"द्रोण बराबर देऊ. त्याची काळजी नको," ते म्हणाले. "दुसरी गोष्ट सांगतो. पुसदकडून पाव्हणे येऊन राहिले शिलाला बघायला. पोरगा इंजिनेर हाय. आपल्याच समाजातला." ते थांबले. "तुमी समजदार हाय. म्हणून सांगितलं."

मुकुलला काहीतरी बोलायचं होतं. जीभ टाळूला चिकटली. "हो," एवढंच तो म्हणाला, आणि परतीच्या सगळ्या रस्त्यात तेवढंही बोलला नाही. शिलानं दोनदा आरशात पाहिलं. गावाजवळ तिनं गाडी थांबवली.

"बापूंनी काय सांगितलं?"

"पाहुणे येणार आहेत म्हणाले."

"मग?"

"मग... चांगलं आहे. इंजिनिअर आहे ना..."

शिलानं वळून त्याच्याकडं पाहिलं. "वाईकर," ती म्हणाली, "सुई टोचताना म्हैससुद्धा तुमच्यापेक्षा जास्त आवाज करते." आणि त्याला तिथंच उतरवून ती निघून गेली.

त्या आठवड्यात मुकुलनं फार विचार केला. तिला गमावण्याची भीती वाटत होती, त्याहून जास्त आपल्या त्या "चांगलं आहे"ची लाज वाटत होती. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी गल्लीत पिशवी नको, असा ठराव करायला त्यानं ग्रामपंचायतीत सगळ्या दुकानदारांना बोलावलं होतं. बैठकीत तो उभा राहिला आणि या वेळी जीभ चिकटली नाही. चंद्रीचं सगळं सांगितलं, द्रोण दाखवले.

"तुमची गाय तुमी बांधून ठिवा ना," मागून कुणीतरी म्हणालं. "आमच्या धंद्यावर काहून?"

लोक हसले. तेवढ्यात दारात गंगूताई दिसल्या. कमरेवर घमेलं. त्यांनी कुणाला विचारलं नाही, सरळ पुढं आल्या आणि टेबलावर ते पालथं केलं. चंद्रीच्या पोटातून निघालेल्या सगळ्या पिशव्या त्यांनी धुऊन, वाळवून ठेवल्या होत्या. आता पंख्याच्या वाऱ्यानं त्या सळसळायला लागल्या.

"बघा," त्या म्हणाल्या. "मी तिला गाभण समजून डोहाळे पुरवत होते. हे होतं पोटात. ज्याला आपलं नाव सापडेल त्यानं उचलावी."

कुणी जागचं हललं नाही. टेबलावर निळ्या होत्या, हिरव्या होत्या, गल्लीतल्या बहुतेक दुकानांच्या होत्या. पण सगळ्यांत जास्त लाल अक्षरांच्या. विश्वंभरराव कोपऱ्यातून उठले. आयुष्यभर मंत्र म्हणून कमावलेला आवाज होता, पण त्या दिवशी तो जरा बसला होता.

"पहिलं नाव माझं आहे," ते म्हणाले. "तर बंद करायलाही पहिला मीच. सरकारचा कागद येईल तेव्हा येवो. सोमवारी माझ्या दुकानात प्रसाद द्रोणातच मिळेल. समोरच्यानं गिऱ्हाईक नेलं, तर नेवो."

समोरच्या दुकानदारानं एक द्रोण उचलून हातात फिरवून पाहिला. मग म्हणाला, "तेवढे द्रोण पुरतील का पण सगळ्यांना?" आणि ठराव झाला.

शेवटचा सोमवार उजाडला. पहाटेच तांड्यावरून द्रोणांचे भारे आले. रांग बसस्टँडपर्यंत गेली. पहिल्या पहिल्यांदा कुरकुर झाली, मग एका बाईनं हिरव्या द्रोणातला पेढा नाकाशी नेला, "पानाचा वास लागलाय गं, लई छान!" म्हणाली, आणि मागच्या दहा जणींनी तसाच मागितला. लोक शेंडीनं नारळ धरून चालले होते. दुपारपर्यंत मुकुलला मान वर करायला सवड नव्हती. ती केली तेव्हा फळीपुढं शिला उभी होती.

"एक द्रोण पेढे."

"डॉक्टर!" त्याच्या हातातला दोरा निसटला. "तुमच्याकडं... पाहुणे...?"

"काल येऊन गेले."

"हो का..." त्यानं पेढे मोजायला घेतले, चुकले, परत घेतले. मग त्यानं हात थांबवला. "शिला, ऐका. मी त्या दिवशी चांगलं आहे म्हणालो. ते खोटं होतं. मला अजिबात चांगलं वाटलं नाही. मला... म्हणजे... तुम्ही त्या पहिल्या दिवशी गाईच्या तोंडात हात घातला ना..."

"तेव्हा?"

"तेव्हाच. तेव्हापासून."

रांगेतल्या बायका एकमेकींना कोपरखळ्या मारायला लागल्या. शिलाच्या चेहऱ्यावर लाली चढली, पण तिनं नजर खाली घेतली नाही.

"मुलगा चांगला होता," ती म्हणाली. "मी त्याला चहा दिला आणि सांगितलं, माझं मन दुसरीकडं आहे. औंढ्यात. बापू रागावले. याडी रडली. आज सकाळी बापू म्हणाले, त्या पोराच्या तोंडून अजून एक शब्द निघाला न्हाई, तू कशाच्या जोरावर बोलतीस? मी म्हटलं, निघेल. जरा उशिरा निघतो."

"निघाला," मुकुल म्हणाला. "आता बाबांना —"

"काय सांगायचंय बाबांना?"

विश्वंभरराव मागंच उभे होते, हातात तीर्थाचं तांब्याचं भांडं. मुकुल वळला.  मग तो साऱ्या रांगेला ऐकू जाईल असा बोलला, "बाबा, मला शिलाशी लग्न करायचंय."

 विश्वंभररावांनी मुलाकडं पाहिलं, मग त्या मुलीकडं, जिनं त्यांच्या गोठ्यात उभं राहून त्यांची गाय वाचवली होती आणि जी आत्ता मान ताठ ठेवून उभी होती. त्यांच्या मनात काय काय येऊन गेलं असेल... घराणं, मंदिरातली पूजेची पाळी, भाऊबंद... ते कुणाला कळलं नाही. त्यांनी भांडं हळूच फळीवर ठेवलं.

"आधी गिऱ्हाईक बघ," ते मुलाला म्हणाले. आणि मग शिलाला, "डॉक्टरीणबाई, तुमच्या वडिलांना भेटायला कधी यावं?"

गणपती बसले त्या सुमारास ते गेले. विश्वंभरराव, गंगूताई आणि मुकुल. घरात बाजेवर सतरंजी अंथरलेली. रतनसिंगांनी रामराम केला, पण मिशीत हसले नाहीत. तांड्याचे नायक गुलाबसिंगही येऊन बसले होते. सारा तांडा कुडाआडून बघत होता.

अनुसयाबाई चहा घेऊन आल्या आणि दारातच थबकल्या. विश्वंभरराव बाहेरचं पाणीसुद्धा घेत नाहीत, हे पंचक्रोशीला माहीत होतं. रतनसिंगांची नजर कपावर. नायकाची नजर कपावर. गंगूताईंनी पदर तोंडाशी नेला.

बाहेर, कुडाच्या पलीकडं, मुकुल आणि शिला शेजारी शेजारी उभे होते. त्याला उंची होती, तरी फटीतून तीच बघत होती.

"काय चाललंय?" त्यानं हळूच विचारलं.

"कप घेतला... बशीत ओतला... फुंकर मारतायत."

"मग?"

"थांबा हो." तिनं नकळत त्याचा दंड घट्ट धरला होता. "प्यायले."

आतून विश्वंभररावांचा खणखणीत आवाज आला, "आलं छान उतरलंय. अजून अर्धा कप मिळेल का?" आणि त्यावर रतनसिंगांचं हसणं, मोठं, मोकळं. "अर्धा काहून? पुरा घ्या, व्याही!"

शिलानं डोळे मिटून श्वास सोडला. मुकुलनं तिचा हात हातात घेतला. भर उन्हात, सगळ्यांसमोर. कुडाआडच्या बायांमध्ये एकदम खसखस पिकली.

"सगळा तांडा बघतोय," तो कुजबुजला.

"बघू द्या," ती म्हणाली, आणि हात सोडला नाही.